एकशे सात घरांचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं म्हणजे काय ते मला लग्न होऊन सिंधुदुर्गात आल्यावर कळलं. मी कोल्हापूरकडची, म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत घाटावरची. आमच्याकडे देवापुढे हात जोडायचे आणि जे काही मागायचं ते मनातल्या मनात मागायचं. इथे तसं चालत नाही. इथे नारळ ठेवून देवाशी मोठ्यानं बोलतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं, आणि दर वाक्याला जमलेली माणसं "व्हय महाराजा" म्हणतात. बोलणारा एक असतो, होकार सगळ्यांचा असतो. आमच्या गावच्या रवळनाथापुढे बोलण्याचा हा मान राऊळांच्या घराकडे, आणि चाळीस वर्षं तो आबा राऊळांनी सांभाळला. आबांना जाऊन दीड वर्ष झालं. नोकरीमुळे माझ्या ओळखीत बरीच मोठी माणसं आली, अधिकारी आले, पुढारी आले. पण ज्याची ओळख सांगताना माझी मान ताठ होते असा माणूस एकच, आणि तो आमच्या हायस्कुलातला शिपाई होता.

कट्ट्याच्या बाजारातून धामापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर आमची शाळा. आबा तिथे घंटा वाजवायचे. घंटा देण्याआधी ते एकदा कार्यालयातल्या घड्याळाकडे बघायचे आणि एकदा बाहेर येऊन उन्हाकडे. दोघांचं पटलं नाही तर उन्हाचं ऐकायचे. मुख्याध्यापकांनी यावरून दोनदा लेखी समज दिली. आबांनी दोन्ही कागद नीट घडी करून खिशात ठेवले आणि घंटा उन्हाप्रमाणेच देत राहिले. गंमत म्हणजे कार्यालयातलं घड्याळ खरोखरच मागे पडायचं, हे आम्हाला नवं घड्याळ आणल्यावर समजलं.

मी पहिल्यांदा त्यांचं गाऱ्हाणं ऐकलं ते देवळात नाही, शाळेतच. दहावीच्या मुलांची परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. मुलं पटांगणात उभी, पुढे पाटावर नारळ, आणि आबा खांद्यावरचा पंचा सारखा करून सुरू झाले.

"बा देवा महाराजा, उद्या ही तुजी लेकरां परीक्षेक जातत."

"व्हय महाराजा."

"जेंनी वरीसभर अभ्यास केल्यानी, तेंका केल्लो अभ्यास आठवांदे."

"व्हय महाराजा."

"जेंनी करूक नाय, तेंचो हात थरथराक नको. सुचात ता लिवांदे."

"व्हय महाराजा."

"आणि जो कोण चिठी घेवन जातलो, तेची चिठी खिशातच रवांदे. तेका पकडू नको, सुधार."

या शेवटच्या मागणीला मागच्या रांगेतून जो होकार आला तो सगळ्यात मोठा होता. मी पदर तोंडाला लावून हसू दाबत उभी. घरी जाताना मात्र वाटलं, वर्गात बेचाळीस मुलं होती आणि या माणसानं त्यातलं एकही बाहेर ठेवलं नाही. मी मराठी शिकवते. दोन मिनिटांत बेचाळीस जणांना पुरेल असं बोलणं मला आजही जमत नाही.

हे सगळं त्यांना उभ्या उभ्या सुचायचं असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. देवळातल्या प्रत्येक मोठ्या गाऱ्हाण्याआधी आबा गावभर हिंडायचे. शाळा सुटली की पायात चपला अडकवून एकेका वाडीत जायचे, अंगणात उभे राहायचे आणि विचारायचे, "तुमचा काय सांगू?" चहा घ्यायचे नाहीत, कारण एकाकडे घेतला तर सगळ्यांकडे घ्यावा लागतो. आमच्या गावात एकशे सात घरं. त्यातली कितीतरी बंद, माणसं मुंबईला. आबा त्या बंद घरांसमोरही जाऊन उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "आबा, कुलपाला काय विचारता?" तर म्हणाले, "इचारणा माजा काम, बाई. उत्तर देणा तेंचा."

ऐकलेलं सगळं ते देवाला सांगत नसत. एका माणसाचा भावाशी जमिनीवरून वाद होता. त्यानं आबांच्या हातात दोन नोटा कोंबल्या आणि भावाच्या बोअरचं पाणी आटावं एवढं देवाच्या कानावर घालायला सांगितलं. आबांनी नोटा परत त्याच्या खिशात घातल्या. म्हणाले, "तुज्या बोअराक पानी येवांदे असा सांगतंय. भावाचा आटांदे असा सांगूक माका चाळीस माणसांचो व्हय लागतलो. ती माणसां मी खयसून हाडू?" तो माणूस महिनाभर आबांशी बोलला नाही. गाऱ्हाण्याला मात्र आला, आणि पाण्याची गोष्ट निघाली तेव्हा खाली बघत का होईना, व्हय म्हणाला.

आणखी एक नियम होता त्यांचा. गाऱ्हाण्यात ते कुणाचं नाव घेत नसत. "जेच्या घरात दुखणा आसा", कुणाच्या मुलासाठी "जेचो झील परदेशात आसा", एवढंच. ज्याचं त्याला कळायचं. आणि कुणी किती वर्गणी दिली याचा उच्चार तर कधीच नाही.

दुपारचा चहा आला की आबा स्टाफरूमच्या दाराशी कपबशी घेऊन उभे राहायचे आणि तिथून अधूनमधून एखादं वाक्य सोडायचे. मी नागरिकशास्त्रही शिकवायचे. समाजाची व्याख्या फळ्यावर लिहून दिली त्या दिवशी ते म्हणाले, "बाई, समाज म्हणजे आपल्याकडे मयत झाला तर न सांगता येतत ती माणसां. बाकीचे नुसते मतदार." पैशाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं: "पैसो पावणो. इलो तर बसाक देवा, च्या देवा. पण माजघराची चावी तेच्या हातात देव नकात." सरांपैकी कुणीतरी छेडायचं, गरिबाला देव लवकर पावतो म्हणतात ते खरं का? आबा बशीतला चहा संपवून म्हणायचे, "ती गजाल खोटी. गरिबाक देवाशिवाय दुसरो कोण भेटना नाय, इतक्याच."

एकदा दहावीतल्या एका हुशार मुलीनं त्यांना गाठलं. विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवलेली, तोंडाची फटकळ. तिनं सरळ विचारलं, "आबा, देव खरोखर आसा?" मी कान टवकारले. आबा म्हणाले, "माका म्हायत नाय, चेडवा." तिला वाटलं आपण जिंकलो. मग ते म्हणाले, "पण गाऱ्हाणा चालू आसता तेव्हा एकाचा दुखणा सांगलंय की सगळी माणसां व्हय म्हणतत. स्वतःचा सोडून दुसऱ्याचा मागतत. बाजारात असा कधी बघलंस? माका तेवढा पुरे." ती मुलगी आता कणकवलीला डॉक्टर आहे आणि देवबीव मानत नाही, पण देवळातल्या समाराधनेला, म्हणजे वर्षाच्या गावजेवणाला, येते.

आता मांडवाची गोष्ट. देवळाचा सभामंडप जुना, लाकडी. वाळवीनं वासे पोखरले होते. पावसाळ्यात तर देवासमोर बादल्या ठेवाव्या लागायच्या. दोन वर्षं वर्गणी गोळा करूनही नव्या मांडवाचं काम चौथऱ्याच्या वर जाईना. तेव्हा मोहननं निरोप पाठवला. मोहन आमच्याच गावचा, मुंबईत इमारतींना लिफ्ट बसवायचा त्याचा धंदा, आणि धंदा जोरात. सगळ्या मांडवाचा खर्च एकटा करतो म्हणाला. त्याची अट एकच होती: दर वर्षी समाराधनेच्या गाऱ्हाण्यात पहिलं नाव त्याचं घ्यायचं.

देवस्थान समितीचे अध्यक्ष सुभाषदादा. माणूस खटपटी, रागीट, पण गावासाठी धावणारा. त्यांना यात काहीच गैर दिसेना. बैठक देवळाच्या पायऱ्यांवर बसली. समितीचे कागद लिहायला मला बोलवत, म्हणून मी तिथे होते.

"एक नाव घेवक तुजा काय जाता, आबा?" सुभाषदादा म्हणाले.

"माजा काय जाना नाय," आबा म्हणाले. "पण पयला नाव पैशान ठरला, मगे दुसरा पण पैशान ठरतला. तिसरा पण. असा करता करता शेवटचा घर खयचा ता पण ठरतला. मगे तेंच्या दारात जावन मी 'तुमचा काय सांगू' म्हणान खयच्या तोंडान इचारू?"

शेवटचं घर कुठलं ठरेल ते सांगायची गरज नव्हती. व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, आमचंच घर. सासरे गेल्यापासून वर्गणीच्या यादीत आमचा आकडा सगळ्यात खाली असायचा. मी कागदावरून मान वर केली नाही.

कुणीतरी तोडगा काढला, की देवालाच कौल लावू. इथे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. गावातले निम्मे निर्णय असेच होतात. आबांनी आयुष्यभर ते मानलं होतं. त्या दिवशी मात्र ते उठून उभे राहिले.

"पेरणीचो कौल घेवा, पावसाचो घेवा. पण ह्या नावाचा ठरवणा आमचा काम. ह्या देवाक इचारणा म्हणजे आमका लाज उरूक नाय ह्या तेका सांगणा."

सुभाषदादांचा पारा चढला. म्हणाले, मांडव पावसाळ्याआधी उभा राहायलाच हवा. नाव घ्यायचं नसेल तर गाऱ्हाणं दुसरा कुणी घालेल, तुझा पुतण्या आहे. एवढं बोलून झाल्यावर त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण ते पायरीवरची वाळकी पानं वेचायला लागले. चाळीस वर्षांचा मान काढून घ्यायची भाषा गावात पहिल्यांदाच झाली होती. आबा परत पायरीवर बसले. मग म्हणाले, "बरा. मोहनाचा नाव पयला घेतंय."

मला त्यांचा राग आला. सरळ सांगायचं तर मी त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंना म्हटलं, तुमचे आबाही शेवटी विकले गेले. सासूबाई, म्हणजे सुमित्राकाकी, ऐंशीच्या घरातल्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्या तांदूळ निवडत होत्या, म्हणजे चाचपत होत्या. म्हणाल्या, "तू घाटावरची ती घाटावरचीच रवलंस. जरा दम धर."

मांडव झाला. चांगला झाला, ते कबूल करायला हवं. चिऱ्याचे खांब, वर मंगलोरी कौलं, पाण्याचा थेंब आत यायची बिशाद नाही. समाराधनेच्या आधी आबा नेहमीप्रमाणे गावात फिरले, पण या खेपेला जरा जास्तच. नोकरीतून निवृत्त होऊन तेव्हा त्यांना चार वर्षं झाली होती, गुडघा दुखायचा. तरी आठ दिवस सकाळ-संध्याकाळ हिंडत होते. मोहन आदल्या दिवशी गाडीनं आला. आबा त्याच्या अंगणातही गेले. पुढचं मला मोहननंच नंतर सांगितलं.

"तुजा काय सांगू?" आबांनी विचारलं.

मोहन म्हणाला, "काही नाही, आबा. फक्त नाव घ्या."

"नाव देवाक म्हायत आसा. मागणा काय?"

मोहननं टाळलं. आबा अंगणातून हलेनात. शेवटी वैतागून तो म्हणाला, "झोप लागत नाय माका. तीन वर्षं झाली, गोळ्ये खातंय तरी. ह्या सांगतास?" आबा म्हणाले, "सांगतंय," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गाव नव्या मांडवात जमला. मागे भाताची भांडी उतरली होती, पानं मांडायची बाकी होती. मोहन कडक इस्त्रीचा सदरा घालून पुढे उभा. सुभाषदादा आबांच्या शेजारी, लक्ष ठेवून.

"बा देवा रवळनाथा महाराजा, आज तुज्या मांडवार नवा छप्पर चढला."

"व्हय महाराजा."

"ह्या छपराचो खर्च जेनी केल्यान, तो तुजो मोहन तुज्या म्होरे उभो आसा."

"व्हय महाराजा."

सुभाषदादांनी श्वास सोडला. अट पुरी झाली होती. आबा थांबले नाहीत.

"तेका झोप लागना नाय. तीन वर्सां झाली, गोळ्ये खाता तरी लागना नाय. तेका पोटभर झोप दी रे महाराजा."

मोहनचा चेहरा लाल झाला. त्यानं आजूबाजूला बघितलं, कोण हसतंय म्हणून. कुणी हसत नव्हतं. मग माझ्या शेजारून सासूबाईंचा बारीक आवाज आला, "व्हय महाराजा," आणि त्यामागून सगळा मांडव बोलला. मोहनच्या मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"व्हाळापलीकडची सुमित्रा," आबा म्हणाले.

मी दचकले. चाळीस वर्षांत कुणाचं नाव न घेतलेला माणूस दुसरं नाव आमच्या घराचं घेत होता.

"तिका दिसना नाय. ऑपरेशनाक भियता. तिची भीती घालव. तिची सून घाटावरची, पण गुणाची. तिका सांभाळ."

मांडवात हसू पिकलं आणि त्या हसण्यातच होकार आला. एकोणीस वर्षं मी या भागात शिकवलं होतं. एवढं मोठं प्रमाणपत्र मला कुठल्या तपासणीत मिळालं नव्हतं.

मग ते एकेक घर घेत गेले. व्हाळाकडून सुरू करून वरच्या वाडीपर्यंत, चालत जावं तसं. कुणाच्या म्हशीला गाभ राहू दे. कुणाच्या मुलीला मनासारखं स्थळ मिळू दे, आणि तिला लग्न नको असेल तर बापाला अक्कल दे. ज्यानं भावाचं पाणी आटावं म्हटलं होतं, त्याचं आणि भावाचं नाव त्यांनी एका वाक्यात घेतलं. बंद घरं आली तेव्हा तीही सोडली नाहीत. "ह्या घराक कुलूप आसा महाराजा. कोणतरी येवन उघडांदे." प्रत्येक घराला होकार. हातात कागद नव्हता. आचारी झारे घेऊन मागच्या दारात येऊन उभे राहिले. तास होत आला, भात निवत चालला, कुणी जागचं हललं नाही. सुभाषदादांनी सुरुवातीला दोनदा घड्याळ बघितलं. त्यांचं घर आलं तेव्हा आबा म्हणाले, "सुभाषाक काय कमी नाय. रागार ताबो तेवढो दी," आणि अख्ख्या गावानं मनापासून दुजोरा दिला. सुभाषदादाही व्हय म्हणाले. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

अट मोडली नव्हती. पहिलं नाव मोहनचंच होतं. पण त्याच्यामागून सगळा गाव आला होता, आणि आता पहिलं कोण नि शेवटचं कोण हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. मी काय बोलले होते ते आठवून मला लाज वाटली. आणि हा माणूस माझ्या शाळेत घंटा देत होता, या विचारानं छाती भरून आली.

"घराघराचा सांगून झाला. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे," असं म्हणून आबांनी नारळ उचलला.

"आबा," सासूबाई म्हणाल्या, "तुजा घर रवला."

आबा थांबले. "माजा काय नाय गो, काकी."

"काय नाय कसा? घर आसा मा?"

"गाऱ्हाणा घालणाऱ्यान आपला सांगूचा नसता."

"मगे मी सांगतंय," सुभाषदादा म्हणाले. त्यांनी आबांच्या हातातून नारळ घेतला. त्यांना सवय नव्हती. दोनदा घसा खाकरला.

"बा देवा महाराजा, हो आबा राऊळ. चाळीस वर्सां आमच्या दारात येता आणि तुमचा काय सांगू म्हणान इचारता."

"व्हय महाराजा."

"तेका..." ते अडले. मागे वळून त्यांनी लोकांकडे बघितलं. पुतण्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, मी तर रोज त्यांच्याबरोबर चहा प्यायलेली. मला आबांची बायको केव्हा गेली ते माहीत होतं, गुडघा कुठला दुखतो ते माहीत होतं. त्यांना काय हवंय ते माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. सुभाषदादा देवाकडे वळले.

"तेका काय व्हया ता आमका म्हायत नाय महाराजा. आमी तेका कधी इचारूक नाय."

होकार आला, पण हळू. त्या दिवशीचा सगळ्यात हळू होकार तो होता.

आबांनी पंच्यानं तोंड पुसलं. नारळ परत घेतला, पायरीवर फोडला आणि म्हणाले, "चला, जेवक बसा." एरवी ते शेवटच्या पंक्तीला, वाढप्यांबरोबर बसायचे. त्या दिवशी त्यांना हाताला धरून पहिल्या पंक्तीत बसवलं. पुढच्याच थंडीत ते गेले, फार दिवस अंथरुणाला न खिळता, आणि त्या चार दिवसांच्या आजारपणात मी परीक्षेच्या कामाला ओरोसला होते. म्हणून माझ्या मनात राहिलेले आबा ते पंक्तीतलेच. समोर पान, त्यावर भात, वालाची उसळ, आणि भोवती माणसं. वरच्या वाडीतली, खालच्या वाडीतली, दोघे भाऊ, मोहन, सगळी एकेक करून त्यांच्या पानासमोर वाकत होती आणि विचारत होती, "आबा, तुमका काय व्हया?" आबा हातातला घास तसाच धरून प्रत्येकाकडे बघत होते. एकशे सहा घरांचं न अडखळता सांगणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं काही सांगता येत नव्हतं.